हरकत नाही म्हणजे होकार

बटणांच्या कारखान्यातल्या थोरल्या वहिनींना कामगार माघारी ‘मुक्या मालकीणबाई’ म्हणायचे. नवरा गेला, तसे त्याचे निम्मे शेअर आणि डायरेक्टरची खुर्ची त्यांच्या गळ्यात पडली. पण खुर्चीत बसतंय कोण! त्या आपल्या निवडणीच्या टेबलाशी, टवके उडालेली बटणं वेचत. बैठकीला जायचं, मूग गिळून बसायचं, की परत टेबलाशी.

आज मात्र त्या गप्प बसण्याचीच त्यांना धडकी भरली होती. सासऱ्यांनी दोन्ही मुलांत करार करून ठेवला होता: कारखाना विकायचा तर दोन्ही डायरेक्टरांची संमती हवी, आणि बैठकीत जो हरकत घेणार नाही त्याची संमती धरायची. मुलगे दोघेही तोंडाळ. त्या खुर्चीत कधी मुखदुर्बळ सून येईल, हे म्हाताऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. घ्या आता!

दुसरे डायरेक्टर, धाकटे दीर, कारखाना विकायला निघाले होते.

“कुणाची हरकत?” बैठकीत कारखान्याच्या वकीलकाकांनी विचारलं.

वहिनींना निवडणीचं टेबल आठवलं. कारखाना गेला तर सकाळी उठून जायचं कुठे? रिकाम्या घरात भिंतींशी बोलायचं? पण भाऊजींच्या आवाजाला तर त्या लग्न झाल्यापासून भ्यायच्या. वकीलकाकांनी पेन उचललं.

“माझी आहे.”

“काय?”

“माझी हरकत आहे. नाही विकायचा.”

आता भाऊजी ओरडणार म्हणून वहिनींनी डोळे मिटून घेतले. कुणीच ओरडलं नाही. डोळे उघडले तर भाऊजींचा चेहरा पांढराफटक.

“मग तुम्हीच चालवा, वहिनी. दादा गेल्यापासून रोज भीत भीत येतो मी इथे. मोठं गिऱ्हाईक तुटेल, मशीन बसेल, पगार थकतील... झोप नाही मला. ओरडतो तो त्या भीतीपोटीच.” त्यांनी कोरा कागद ओढून दोन ओळी खरडल्या. “हा माझा राजीनामा.”

“अहो, असं काय करता! मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

“मला तरी कुठे कळत होतं?”

“भाऊजी, नका हो जाऊ. मला एकटीला फार भीती वाटते.”

इतकं सलग त्या या खोलीत कधीच बोलल्या नव्हत्या. भाऊजींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि सही केली.