थर्ड क्लासचं बाक शोधायला: गिरगाव ते भोईवाडा

शुक्रवारी रात्री कोल्हापूरहून मुंबईची बस पकडली ती निव्वळ हट्टाने. रेल्वेच्या जुन्या लाकडी प्रवासी डब्यांवर माझी पीएच.डी. चालू आहे. थर्ड क्लासच्या बाकाची लांबी मिळाली नाही, तर बैठकव्यवस्थेचं प्रकरण गाळायचं, असं गाइड मॅडमनी बजावलं होतं. इतकी मेहनत मी अशी बरी सोडेन!

सकाळी दादरला उतरले. मैत्रिणीच्या मामी, सुर्वेमामी, भोईवाड्यात चाळीत राहतात. त्यांच्या गॅलरीत बॅग टाकली, घावणे-चहा झाला आणि बसने गिरगाव गाठलं. तुम्हीही बसच घ्या, टॅक्सीच्या पैशांत छान जेवण होतं. तिथल्या एका जुन्या वाचनालयात डब्याचा आराखडा असल्याची खबर होती. आराखडा होताही! दारं, खिडक्या, बाकाच्या पाठीच्या पट्ट्या, सगळं मापांसकट सुबक काढलेलं. फक्त बाकाच्या लांबीचा आकडा होता तेवढ्याच जागी वाळवीने ताव मारला होता. मी रडकुंडीला आले. बाहेर येऊन मिसळ खाल्ली, वर गारेगार पियुष प्यायले. दुःखात मला भूक जास्त लागते.

संध्याकाळी परतले तेव्हा मामींनी गॅलरीतल्या बाकड्यावरचे डबे, गोधड्या बाजूला सारल्या. "बस गो बाय. चेहरा किती उतरलाय!"

बसले आणि पाठीला पट्ट्या लागल्या. ताडकन उठून मोबाइलमधला आराखड्याचा फोटो उघडला. तीच पट्ट्यांची ठेवण, तोच पाठीचा कल! सकाळी ह्याच्याच शेजारी मी बॅग ठेवली होती.

"मामी, हे कुठून आणलंत?"

"सासऱ्यांनी. परळला रेल्वेच्या वर्कशॉपात होते ना. भंगाराच्या लिलावात घेतलेलं."

"पण हे अर्धंच दिसतंय!"

"मग? जिन्याच्या वळणात अडकलं. वर येईना, खाली जाईना. शेवटी करवत मारली. अर्धं खाली मंडळाच्या खोलीत हाय."

मी जिने उतरून धावले. मंडळाचा सेक्रेटरी बंड्या म्हणाला, "मॅडम, त्याच्यावर ढोल ठेवलेत. उद्या बघू ना."

वरून मामी कडाडल्या, "उद्या कशाला रे? तुझ्या ढोलांपायी पोरीचं शिक्षण अडलंय! उचल आत्ता!"

ढोल हलले. वरचं अर्धं चार जणांनी खाली आणलं. चौकात दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवले, तर लाकडाची एकेक रेघ पुढे चालू झाली. दोन्ही टोकांच्या लोखंडी पट्ट्या शाबूत होत्या, म्हणजे टोकं मूळचीच. आधी पाठीची उंची मोजली, ती आराखड्याशी तंतोतंत जुळली. मग करवतीने खाल्लेली बारीकशी फट धरून लांबी मोजली. मिळाली! मी भर चौकात उडी मारली, गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. आकडा इथे सांगणार नाही, प्रबंध सादर होईपर्यंत तो माझा. मग प्रत्यक्ष किती माणसं मावतात ते बघायला अख्खी चाळ बाकावर बसून गेली, बंड्या दोनदा.

कोल्हापूरला परतल्यावर मॅडमनी फोटो आणि मापं पुन्हा पुन्हा तपासली. म्हणाल्या, "प्रकरण राहू दे." त्या वाक्यासाठी मी आणखी दहा वाळव्या सोसल्या असत्या. संदर्भसूचीत छापील अहवालांच्या खाली आता एक ओळ आहे: बाक, दोन तुकड्यांत, सुर्वे कुटुंब, भोईवाडा.

फोन करून मामींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "कुटुंब कशाला गो? सासऱ्यांचं नाव घाल. लिलावात त्यांनी घेतलं, करवत पण त्यांनीच मारली."

घातलं.