लिंबाच्या वासाचा एप्रन

सुपरमार्केटात शिरून उजवीकडे वळलं की साबण-पावडरींची रांग लागे आणि तिच्या तोंडाशीच थोरलीचा आवाज कानावर पडे. "या ताई, डाग बघून जा! घेऊ नका, नुसतं बघा!" निळ्या पुड्यातली पावडर विकता विकता तिलाच सगळे निळी वहिनी म्हणायला लागले होते. टेबलावर दोन काचेची भांडी, चहाचे डाग पाडलेली फडकी, अंगात कंपनीचा पांढरा एप्रन.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला असंच टेबल पिवळ्या पुड्याचं. त्यामागे तिची सख्खी धाकटी जाऊ.

दिवसभर दोघींचा एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर डोळा. पिवळीने पुड्यावर बादली फुकट दिली, की निळीने कपड्यांचे चिमटे काढलेच. डोळ्यांसमोरची फळी कोणाची, यावर तर रोज सकाळी जुंपायची. खालच्या फळीवरचा पुडा घ्यायला वाकावं लागतं, आणि पावडरीसाठी कोण वाकतंय?

"बादली देतात म्हणजे पावडरीत दम नाही!" थोरली ओरडे.

"आणि चिमटे कशाला? नाकाला लावायला?" धाकटी तिकडून परतवे.

लोक हसत आणि हसता हसता एखादा पुडा ट्रॉलीत टाकत. संध्याकाळी दोघी एकाच बसने घरी जात.

घरात धुण्याच्या पाळ्या होत्या. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला होता, "जिची पाळी, तिची पावडर. माझ्या मोरीत दुकान मांडायचं नाही."

त्या दिवशी थोरलीच्या एप्रनवर सरबत सांडलं. पाळी धाकटीची. तिने न सांगता तो आपल्या धुण्यात घेतला, वाळवला, इस्त्री करून थोरलीच्या उशाशी ठेवला. सकाळच्या घाईत थोरलीने चढवला. आयुष्य पावडरींच्या वासात गेलेल्या त्या दोन नाकांना काही कळलंच नाही.

कळलं ते साहेबाला. निळ्या पुड्याच्या कंपनीचा साहेब टेबल तपासायला आला, वाकला आणि तसाच थबकला.

"वहिनी, हा वास कसला? आपल्या पावडरीत गुलाब आहे. हे तर लिंबू!"

थोरलीने एप्रनचं टोक नाकाशी नेलं आणि तिला हसूच फुटलं. "अगंबाई! काल जावेची पाळी होती." तिने हनुवटीने पिवळं टेबल दाखवलं.

आता हा तडकणार असं तिला वाटलं. पण साहेबाचे डोळे लकाकले.

"मग तर सोन्याहून पिवळं!"

"पिवळं कसलं, निळं म्हणा."

"आजपासून गिऱ्हाइकांना सांगा, त्या पावडरीने माझ्या जावेच्या हातांना फोड आले. घरचंच माणूस सांगतंय म्हटल्यावर कोण शंका घेईल?"

"तिचे हात बरे आहेत की."

"ते कोण बघायला जातंय?"

"मी बघते ना रोज. त्याच हातांनी माझ्या डोक्याला तेल लावते ती."

साहेबाने आवाज खाली आणला. "बघा बुवा. नसेल जमत तर एप्रन काढून ठेवा. उद्या दुसरी बाई उभी राहील."

दोघींचे नवरे कामाला होते तो कारखाना बंद पडल्यापासून त्यांचं घर या दोन टेबलांवरच उभं होतं. थोरलीने पलीकडे पाहिलं. धाकटी कोपरापर्यंत फेसात हात बुडवून कोणाला तरी बादली कशी दणकट आहे ते पटवत होती.

"साहेब, तिच्या पावडरीला मी दिवसभर नावं ठेवीन. वास उग्र म्हणीन, बादली फुटकी म्हणीन. माझं भांडण पुड्याशी आहे. तिच्या हातांना फोड आले असं खोटं सांगणार नाही."

आवाज चढला होता. रांगेतल्या ट्रॉल्या थांबल्या.

"मग काढा एप्रन."

थोरलीने गाठ सोडली. साहेबाने हात पुढे केला, पण तिने एप्रनची घडी घालून आपल्याच पिशवीत टाकली. "मळका कपडा परत करायची आमच्यात रीत नाही. धुवून आणते. कोणत्या पावडरीत, ते पाळीवर."

धाकटी ओले हात पुसत धावत आली. "ताई, कशाला गं तोंड उघडलंस? आले फोड म्हणायचं! मी पट्ट्या बांधून उभी राहिले असते."

"गप बस. तिकडे गिऱ्हाईक खोळंबलंय तुझं."

थोरली दाराशी गेली, एक रिकामी ट्रॉली ढकलत परत आली आणि निळ्या फळीसमोर ठाण मांडून उभी राहिली.

"अजून इथेच?" साहेब म्हणाला.

"गिऱ्हाईक आहे मी आता. काय घ्यावं ते बघतेय. हाकलून दाखवा."

नेहमीचे एक आजोबा चष्मा सावरत आले. "वहिनी, कोणती घेऊ?"

"निळी घ्या, डाग तिनेच जातात. पण पिवळीने हाताला फोड येतात असं कोणी सांगितलं, तर ते खोटं, हे ध्यानात ठेवा." शेवटचं वाक्य तिने साहेबाकडे तोंड करून म्हटलं.

आजोबांनी निळा पुडा उचलला. धाकटी आपल्या टेबलावरून ओरडली, "अगं ताई, काढून टाकलं तरी निळीच?"

"मग! पावडर चांगली आहे," थोरलीने तिथूनच ठणकावलं. "खोट साहेबात आहे."

साहेबाने रखवालदाराला हाक मारली. थोरलीने ट्रॉली आडवी लावली आणि पुढच्या बाईकडे वळली.

"या ताई, विचारा काय विचारायचं ते."