चाकाखालचा खड्डा

माझ्या थोरल्या भावाचा उजवा पाय दुसऱ्याच्या चुकीनं गेला, असं आमच्या गावात आजही सांगतात. ते खोटं आहे. पाय माझ्यामुळं गेला. आणि त्यासाठी गावानं ज्याला मारलं, त्याची काहीही चूक नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. श्रीपूरच्या कारखान्यावर ऊस वाहायला भागीत एक ट्रक घ्यायचा, असं अण्णांनी आणि दाजींनी ठरवलं. अण्णा माझे थोरले भाऊ, दाजी आमच्या बहिणीचे यजमान. मंद्रूपला दोन जुन्या गाड्या विकायला होत्या. एक लांब नाकाची, इंजिन पुढं असलेली. दुसरी चपट्या तोंडाची, इंजिन केबिनमध्येच. चपटीचा हौदा हातभर लांब, म्हणून अण्णांना ती पाहिजे होती. दाजींना नाकाची.

"चपटीत इंजिन मांडीला लागून," दाजी म्हणाले. "डायवर भाजून निघंल की. आन् धडकली तर पयलं गुडगंच जाणार."

"धडकवायला घ्यायची हाय व्हय गाडी? आन् नाकाकडं बघून गाडी घेत्यात का कुटं?"

"तुमची बहीण न बघताच घेतली. तितं फसलो. हितं न्हाय फसायचो."

अण्णांनी त्यांची गचांडी धरली. दाजींनी डोक्यानं टक्कर दिली, अण्णांच्या नाकातून रक्त आलं. सोडवायला मी मध्ये पडलो, तर कुणाचं तरी कोपर लागून माझाच ओठ फुटला. दोघं दमून खाली बसल्यावर अण्णा रक्त थुंकत म्हणाले, "बैल कसा घेतो आपण? ओढवून घेतो. ह्यास्नीबी ओढवू. जी हरंल ती ऱ्हाऊ द्या."

दाजी तयार झाले. दोन्ही मालकही तयार झाले, कारण एकाची तरी गाडी खपणारच होती.

आमच्या गावाबाहेरच्या मुरमाच्या माळावर दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या आणि मध्ये साखळी बांधली. नाकाच्या गाडीवर तिचाच ड्रायव्हर होता, सोलापूरचा, चाळिशीचा, शांत माणूस. चपटीवर अण्णांनी मला बसवलं. मी तेवीस वर्षांचा होतो आणि ट्रॅक्टर चालवायचो. साखळीवर लक्ष ठेवायला अण्णा बाजूला लाल फडकं घेऊन उभे राहिले. फडकं वर गेलं की दोघांनी थांबायचं.

तो ड्रायव्हर माझ्या खिडकीशी आला. "छोटे भाई, जंजीर पुरानी है. कपडा दिख्या तो पांव उठा लेना. जिद नक्को."

मी हसलो. त्याला भीती वाटतेय, असं मला वाटलं.

इशारा झाला. दोन्ही इंजिनं एकदम ओरडली. साखळी ताठ झाली आणि गाडीला असा धक्का बसला, की कपाळ काचेवर आपटलं. काळ्या धुरात माणसं बैलांच्या शर्यतीत ओरडतात तशी ओरडत होती. थोडा वेळ कुणीच हललं नाही. मग माझी गाडी वीतभर पुढं सरकली. दाजींचा चेहरा पडलेला मी पाहिला. फुटलेला ओठ ठणकत होता आणि मला फार आनंद झाला होता.

तेवढ्यात आरशात लाल फडकं दिसलं.

पुढं पोलिसांना मी सांगितलं, की धुरात फडकं दिसलं नाही. ते दिसलं होतं. अण्णा दोन्ही हातांनी ते हलवत होते. एक कडी उघडायला लागलेली त्यांनी पाहिली होती. पलीकडच्या ड्रायव्हरनं पाय उचलून ब्रेक दाबला. त्याची गाडी अडली हे मला जाणवलं, आणि आता ती उचलून नेतो म्हणून मी पाय आणखी दाबला. त्याची अडकलेली चाकं घासत माझ्या मागं आली. मग ती एका दगडाला अडली, माझी मागची चाकं जागीच फिरून मुरूम उकरू लागली आणि साखळी तुटली.

मी उतरलो तेव्हा अण्णा आडवे पडले होते. साखळीच्या तुटल्या टोकानं उजवी नडगी मोडून पाय भलत्याच बाजूला वळला होता.

"कुणी केलं?" दाजी किंचाळले.

मी बोट दाखवलं. "त्यानं हिसका दिला."

एवढंच बोललो. अण्णा पडल्या पडल्या ओरडले, "मारा त्याला!" लोकांनी त्याला केबिनमधून ओढून काढलं. लाथा घातल्या, जॅकच्या दांड्यानं मारलं. तो डोक्यावर हात धरून सारखं म्हणत होता, "मैं बिरेक मार्‍या, भाई. चाकां के निशानां देखो. निशानां देखो." दांडा त्या हातांवरच पडत होता. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला.

त्याचं बोलणं त्या गर्दीत एकट्या मीच ऐकलं असावं. मी खाली पाहिलं. माझ्या चाकांखाली वीतभर खड्डा होता. त्याच्या मागच्या चाकांपुढं घासल्याच्या दोन सरळ पट्ट्या होत्या. बघणाऱ्याला सगळं कळलं असतं.

अण्णांना माझ्याच गाडीच्या हौद्यात ठेवलं. नाकाची गाडी तिच्या मालकानं तोवर बाजूला घेतली होती. दवाखान्याचा रस्ता समोर होता. अण्णांचं रक्त फळ्यांवरून गळत होतं आणि मी गाडी मागं घेतली. पुढं घेतली, पुन्हा मागं घेतली. खड्डा बुजला, पट्ट्या मिटल्या. पोरगं घाबरलंय, असं लोक म्हणाले.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो ड्रायव्हर पुन्हा स्टिअरिंगवर बसला नाही. काही वर्षांनी मी त्याला अक्कलकोट रस्त्यावरच्या हॉटेलात पाहिलं. बोटं मिटत नव्हती, म्हणून दोन तळव्यांत कप धरून तो चहा पीत होता. मी दारातूनच मागं फिरलो. तो वारल्याचं पुढं कानावर आलं.

गेल्या महिन्यात मी अण्णांना सगळं सांगितलं. ते आता नव्वदीला आले आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि कुबडी उचलून माझ्या खांद्यावर घातली. परत घातली. तिसऱ्यांदा हात उचलेना.

"पाय गेला तर गेला," ते धापा टाकत म्हणाले. "पर 'मारा' मी म्हणालो होतो. पन्नास वर्सं मला वाटतंय, बराबर म्हणालो."

त्यांनी कुबडी भिंतीला लावून ठेवली.

"त्याची पोरं कुटं असत्यात?"

"सोलापुरात."

"लिहून काड. त्यास्नी वाचून दाकवू. मीबी येतो."

म्हणून लिहिलं. तुमच्या वडिलांनी ब्रेक मारला होता. खड्डा माझ्या चाकाखाली होता.