निळा कोट आणि आठ चिमटे

चांगल्या आलेल्या फोटोचा किस्सा होत नाही. होतो तो बिघडलेल्याचा. आणि मी ओमानमध्ये आठ वर्षं हौसेने पोर्ट्रेट काढत होते म्हटल्यावर किस्से किती साठले असतील ते तुम्हीच समजा.

मी तिथे शाळेत गणित शिकवायचे. अल खौदला आमचं घर आणि घराजवळ इक्बालभाईंचं टेलरिंगचं दुकान. इक्बालभाई दापोलीकडचे. तीस वर्षं ते ओमानी लोकांचे दिशदाशे, म्हणजे ते पायघोळ पांढरे अंगरखे, शिवत होते. दुकानाची मागची खोली हा आमचा स्टुडिओ. शुक्रवारी सकाळपासून ते नमाजाला निघेपर्यंत तो चालायचा. कपडे त्यांचे, कॅमेरा माझा आणि उजेड माझ्या नवऱ्याचा. गाडीच्या काचेला उन्हासाठी लावतात ना, तो चंदेरी पडदा धरून सुहास उभा राहायचा. मी सांगायचे, "जरा डावीकडे. आता खाली." एरवी माझं एक अक्षर न ऐकणारा माणूस तिथे मुकाट्याने हलायचा.

चौथे देशपांडे. ते सोहारला अल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि दर शुक्रवारी पावणेदोनशे किलोमीटर गाडी हाणत यायचे.

आमच्या या हौसेपायी एका माणसाचं लग्न अडलं होतं. त्याचंही सांगते, पण आधी देशपांडे.

*

देशपांड्यांकडे काय नव्हतं ते विचारा. लेन्सेस पाच, फिल्टर डझनभर, ट्रायपॉड दोन. "नव्वद टक्के खेळ लेन्सचा असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उरलेल्या दहा टक्क्यांत आम्ही सगळे.

एकदा निझवाच्या वाटेवर एक ओमानी म्हातारा भेटला. सुरकुतलेला चेहरा, डोक्याला बांधलेला जुना मसर, बाजूला चार शेळ्या. देशपांडे हरखले. त्यांनी एक लेन्स लावली, काढली, दुसरी लावली, फिल्टर चढवला, उतरवला. म्हातारा दोनदा "यल्ला", म्हणजे आटपा, म्हणाला. मग त्याने सरळ माझ्या हातातला मोबाइल घेतला, देशपांड्यांकडे धरला, बटण दाबलं, "खलास" म्हणाला आणि शेळ्या घेऊन गेला.

त्या दिवशीचा एकच फोटो चांगला आला. देशपांडे अजून तोच प्रोफाइलला ठेवतात.

*

शेजारच्या जोशीकाकूंना नऊवारीतला फोटो हवा होता. साडी, नथ, अंबाडा, सगळं साग्रसंगीत. ऑगस्टचा महिना. मी एसीच्या खोलीतून कॅमेरा घेऊन त्यांना थेट गच्चीवर नेलं. ओमानच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात असं करायचं नसतं. थंड लेन्सवर बाहेरची दमट हवा बसते आणि दहा मिनिटं सगळं धुरकट दिसतं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. घाम डोळ्यांत जातोय म्हणून अंधुक दिसतंय असं समजून मी तीस फोटो काढले.

घरी येऊन बघते तर काकूंच्या जागी नुसतं धुकं! दुसऱ्या दिवशी माफी मागत परत काढले, एकदम स्वच्छ. काकूंनी दोन्ही शेजारी ठेवून बघितले आणि स्वच्छ फोटो मला परत दिला. कालचा फ्रेम करून दे म्हणाल्या, त्यात मी लग्नातल्यासारखी दिसते.

*

इक्बालभाई माझ्यावर एकदाच चिडले. त्यांच्या एका जुन्या ओमानी गिऱ्हाइकाने नवा दिशदाशा, कमरेला चांदीचा खंजर असा थाटात फोटो काढून घेतला. फोटो पाहून इक्बालभाईंचा चेहरा उतरला. "बाय, हा म्या पांढरा शिवलेला. तू मळवलास."

खरंच होतं. समोर पांढरंच पांढरं दिसलं की कॅमेरा बिचकतो आणि सगळं राखाडी करून टाकतो. तेव्हा आपण त्याला दटावून उजेड वाढवायचा असतो. मी गणिताची बाई, कॅमेऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवून बसले होते. तेव्हापासून आकडा बघायच्या आधी मी माणसाकडे बघते.

म्हणजे मला वाटत होतं की बघते.

*

आता कोट.

एका भल्याथोरल्या गिऱ्हाइकाने इक्बालभाईंकडे निळा कोट शिवायला टाकला आणि तो तयार व्हायच्या आतच कायमचा देश सोडून गेला. कोट भिंतीला लटकून राहिला. त्यात आमची दोन माणसं आरामात मावली असती.

रुसैलच्या कारखान्यांतली आपली कोकणातली मुलं शुक्रवारी दुकानात यायची. घरी पाठवायला एखादा बरा फोटो हवा असायचा. एकाला मी सहज तो कोट चढवला. पुढून खांद्यांवरून ओघळत होता. मग वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे आणले आणि पाठीमागून कापड गोळा करून लावले. आठ चिमटे लागले. पुढून बघाल तर मापाचा कोट, कुठे सुरकुती नाही! मी स्वतःवरच खूश. पुढच्या शुक्रवारी रांग लागली.

नियम एकच, पाठ दाखवायची नाही. एकाने नेमकं बटण दाबताना "कोण आलं" म्हणून वळून पाहिलं. त्या फोटोत त्याचा चेहरा नाही, पण पाठीवर आठ पिवळे चिमटे ओळीने आहेत. तोच फोटो त्याने चुकून घरी पाठवला. आईने विचारलं म्हणे, तिकडे हीच फॅशन आहे का?

*

दत्ताराम त्या रांगेतलाच. संगमेश्वरच्या बाजूचा, पाइपांच्या कारखान्यात वेल्डर, वय चौतीस. लग्नासाठी मोठी बहीण गावाकडे खटपट करत होती. दोन ठिकाणी फोटो गेला होता आणि दोन्हीकडून नकार आला होता. फार अबोल माणूस. फोटो काढताना श्वास रोखून धरायचा.

तिसरं स्थळ शेजारच्या गावातलं. मुलगी सुगंधा, शिवणाचा क्लास चालवणारी. या वेळी मी जातीने लक्ष घातलं. चिमटे स्वतः लावले, सुहासला पडदा घेऊन तीनदा हलवलं. झकास फोटो आला. दत्तारामने तो पाठवला.

चार दिवसांनी तो दुकानात आला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. बहिणीने सुगंधाचा निरोप जसाच्या तसा कळवला होता.

"हा कोट मी तिसऱ्यांदा बघतेय. माणूस अजून बघितला नाही."

झालं असं होतं की रुसैलमध्ये एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असं करत त्याच चार वाड्यांतले लोक कामाला आलेले. फोटो जायचे तेही त्याच चार वाड्यांत. तिच्या घरी त्याआधी दोघांचे आले होते, दोघेही आमच्याच कोटात. शिवणकाम करणारी बाई ती, तिने पुढे असंही विचारलं होतं की हा मागून कशाने धरलाय?

मला फार लाज वाटली. आधीचे दोन नकारसुद्धा कोटामुळेच आले की काय, असं मनात आलं. मी म्हटलं, "दत्ताराम, कामाच्या कपड्यांत काढू या."

त्याने मोबाइल खिशात टाकला. मग खाली बघत म्हणाला, "ताय, घरी मी सुपरवायझर हाय."

*

पुढच्या शुक्रवारी तो येईल असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं. आला. पिशवीत बॉयलर सूट आणि वेल्डिंगचं हेल्मेट. म्हणाला, बहिणीला फोन करून खरं काय ते सांगून टाकलं. तिने आधी शिव्या घातल्या, मग तुझं तू बघ म्हणाली.

देशपांड्यांनी बॅग उघडली, बंद केली आणि म्हणाले, "तुझी साधी लेन्सच राहू दे." आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी सुहासच्या हातातून चंदेरी पडदा घेतला आणि स्वतः गुडघ्यांवर बसले.

दत्तारामने परत श्वास रोखला होता. मी त्याला विचारलं, जोड पुरा झाला की तू काय करतोस? तो म्हणाला, हेल्मेट वर करतो आणि बघतो नीट बसलाय का. मी म्हटलं, तेच कर. त्याने हेल्मेट खाली ओढलं, थांबला, वर केलं आणि समोर बघितलं. मी एकदाच बटण दाबलं. बाह्या वर केलेल्या, उजव्या हातावर ठिणग्यांचे जुने डाग. ते फोटोतून पुसून देऊ का म्हणून विचारलं, तर नको म्हणाला.

फोटो गेला. एक आठवडा काही नाही. दुसऱ्या शुक्रवारी दत्ताराम आला, चहा प्यायला आणि गेला. इक्बालभाईंनी त्या दिवशी एकच बाही दोनदा उलटी शिवली. मी कॅमेरा काढलासुद्धा नाही.

तिसऱ्या शुक्रवारी तो दुकानाच्या पायरीवरच थांबला आणि तिथूनच मोबाइल पुढे केला. सुगंधाने आता बहिणीला मध्ये न घालता थेट लिहिलं होतं. एकच ओळ.

"हातावर भाजतं त्याला काय लावता?"

इक्बालभाईंनी शटर अर्धं ओढलं आणि सगळ्यांना हलवा आणायला ते स्वतः गेले.

*

लग्न मे महिन्यात ठरलं. इक्बालभाई म्हणाले, तो कोट आता तुझ्या मापाचा करून देतो, माझ्याकडून लग्नाची भेट. टेप घेऊन मापंही घेतली. दुसऱ्या दिवशी दत्ताराम ओशाळत सांगायला आला की सुगंधा म्हणते, कोट आहे तसाच घेऊन या, एक टाकाही उसवू नका. इक्बालभाई माझ्याकडे वळून म्हणाले, शिवणवाली आहे, स्वतःच्या हाताने आत घेईल.

दोन महिन्यांच्या सुट्टीनंतर दत्ताराम परत आला. थोडा भरलेला, आणि चक्क बोलणारा. लग्नाचा फोटो आणला होता आणि कोटही. कोट इतर पोरांसाठी परत ठेवा म्हणाला.

फोटोतला कोट अंगाला असा बसला होता की देशपांड्यांनी चष्मा वर करून बघितलं. खांद्यावर, छातीवर, कमरेवर कुठेही तसूभर सैल नाही. दत्ताराम हसतोय.

इक्बालभाईंनी कोट टेबलावर उलटा पसरला आणि प्रत्येक शिवण बोटाने तपासली. त्यांचाच टाका, सगळीकडे. कुठे उसवलेलं नाही, कुठे आत घेतलेलं नाही. मग त्यांनी खण उघडून चिमट्यांचा डबा काढला आणि मोजले. आठ.

त्यांनी फोटो परत हातात घेतला. सुगंधा दत्तारामला खेटून उभी आहे, थेट कॅमेऱ्यात बघतेय. तिचा उजवा हात दिसतो, मेंदीचा, हिरव्या चुड्याचा. डावा त्याच्या पाठीमागे आहे.