रेघेपर्यंतचं पाणी

मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात कृष्णात गावडेने आठ वर्षं खाऱ्या पाण्याची एक टाकी जगवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची ती वरच्या काचेतली नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची जोडी. कृष्णातचा जीव मात्र खालच्या कप्प्यात होता. तिथे दुसरी, लहान टाकी होती आणि तिच्यात तो शेवाळ वाढवत होता.

चंदगडकडच्या खेड्यातून तो बारावीनंतर कोल्हापूरला आला, एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात परिचर म्हणून लागला आणि सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या काचपट्ट्या धूत राहिला. लग्न झालं, ते टिकलं नाही. आईमागे ज्या थोरल्या बहिणीने त्याला वाढवलं, ती आक्का विधवा झाल्यावर त्याच्याकडे राहायला आली. बहीण-भाऊ फारसं बोलत नसत. बोलण्यासारखं फारसं घडतही नसे.

टाकीचं गणित त्याने एकट्याने, मोबाइलवर बघून बघून जमवलं होतं. माशांची घाण पाण्यात विरघळते, तीच शेवाळाचं खत होते. पंप वरचं पाणी खाली आणतो, शेवाळ त्यातली घाण खाऊन वाढतं, आणि दर रविवारी वाढलेलं मूठभर छाटून टाकलं की घाण घराबाहेर जाते. पहिलं शेवाळ द्राक्षाच्या घोसासारखं होतं. ते एका दिवसात फुटून पाणी दुधासारखं झालं आणि दोन मासे गेले. मग त्याने गुंतलेल्या हिरव्या तारेसारखं चीटो आणलं. पुढे लाल फांद्यांचं एक आणलं, आणि पाण्याच्या धारेखाली टांगलेल्या जाळीवर गालिच्यासारखं दाट वाढणारं तिसरं. तिन्ही जगली.

तीन वर्षांपूर्वी विभागात आलेल्या मोना मॅडमना हे कळलं. दिवाळीआधीच्या प्रॅक्टिकलसाठी त्यांनी तिन्ही जातींचे जिवंत नमुने मागितले आणि बरणीवर चिठ्ठी लावली : ‘संग्रह – कृष्णात गावडे’. पोरं बरण्यांभोवती गोळा झाली. एकाने विचारलं, ‘‘सर, हे उजेडाशिवाय किती दिवस तगतं?’’ इतक्या वर्षांत त्याला कुणी सर म्हटलं नव्हतं. त्यानंतरचं प्रत्येक वर्ष तो त्या आठवड्याच्या हिशेबाने जगू लागला.

यंदा जूनमध्ये त्याची ड्युटी सकाळी सातची झाली. टाकीतलं पाणी रोज उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज दोनेक लिटर गोडं पाणी घालावं लागतं. त्याने काचेवर काळ्या मार्करने रेघ मारली आणि आक्काला सांगितलं, ‘‘फिल्टरचंच पाणी घालायचं. ह्या रेघेपर्यंत. नळाचं न्हाय.’’ गुडघ्यांमुळे आक्काचा जिना बंद झाला होता. काम मिळाल्याने ती सुखावली.

ऑगस्टमध्ये काचेवरच्या गोगलगायी गळून पडल्या. मग कोळंबी गेली. मग चीटो फिकुटलं, गवताच्या काडीसारखं पिवळं झालं आणि हाताला लागताच भुगा होऊ लागलं. कृष्णातने दिवा बदलला, मीठ बदललं. लाल फांद्यांची टोकं पांढरी पडली. शेवटी त्याने पाण्याची बाटली मोना मॅडमकडे नेली.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘गावडे, ह्यात तांबं आहे. बरंच आहे. शेवाळाला ते विषच. कुठून येतंय ते शोधा.’’

त्याने अख्खा रविवार पंप खोलून, सांधे नि वायरी तपासण्यात घालवला. सगळं प्लास्टिकचं होतं. पुढच्या शनिवारी कॉलेजला सुट्टी होती. सकाळी चूळ भरून तो बाहेर आला तेव्हा आक्का टाकीत पाणी ओतत होती. तांब्याच्या कळशीतून.

‘‘आक्का, हे कुठलं पाणी?’’

‘‘तू सांगितल्यालंच की. फिल्टरचं.’’ ती वळलीसुद्धा नाही. ‘‘रातच्याला कळशीत घालून ठेवती. त्या मशीनच्या पाण्यात काय जीव न्हाय बघ, नुसता प्लास्टिकचा वास. तांब्याचं बाधत न्हाय. मुकी लेकरं हायती ती, त्यास्नी सांगाय येतंय व्हय?’’

‘‘कवापास्नं?’’

‘‘तू सांगितल्यापास्नं. एक दिस चुकवला न्हाय.’’

पाणी उडून जातं, तांबं मागे राहतं. रोज थोडं, असं तीन महिने. ते आता दगडांत, वाळूत मुरलं असणार आणि वर्षानुवर्षं पाझरत राहणार; त्या टाकीत पुन्हा शेवाळ धरणार नाही. हे सगळं त्याला क्षणात कळलं. नळाचं पाणी नको हे त्याने बजावलं होतं; भांड्याचं बोलायचं त्याला सुचलंच नव्हतं. लहानपणी तापात आक्का त्याला हेच पाणी पाजायची.

त्याचा चेहरा पाहून आक्काने कळशी खाली ठेवली. ‘‘काय रं किस्ना? चुकलं काय माझं?’’

‘‘न्हाय. बरोबर हाय.’’

सोमवारी त्याने मॅडमना सांगितलं, यंदा नमुने जमणार नाहीत, दिवा बिघडला. मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तांब्याचं काही विचारलं नाही. प्रॅक्टिकलला नमुने रत्नागिरीहून आले. बरण्या धुण्याचं काम त्याच्याकडेच होतं.

मासे अजून तग धरून होते. ते न्यायला अ‍ॅक्वेरियमचं दुकान चालवणारा उजैर घरी आला.

‘‘मावशी, च्या टाका. फुकटात मासं न्यायला आलोय, वर च्या बी पायजे,’’ असं म्हणत त्याने खालचा कप्पा उघडला आणि थबकला. ‘‘मामा, माझ्या दुकानाला चीटो तुमी पुरवत हुता की. सगळंच गेलं? ह्यात कॉपर...’’

कृष्णातने त्याचं मनगट दाबलं. उजैरने कळशीकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं, आणि पिशवीचं तोंड उघडलं. दोन्ही मासे पिशवीत आले.

‘‘कुठं नेतोस रं त्यास्नी?’’ आक्काने विचारलं.

‘‘हवापालटाला, मावशी.’’

‘‘माघारी कवा?’’

‘‘पाणी सुदारलं की.’’

रविवारी कृष्णातने टाकीतले दगड काढून टाकायला बादली आणली. पाहतो तर आक्का भिंत धरत, गुडघा ओढत टाकीपाशी पोचली होती. तिने पाणी ओतलं, रेघेला लागलंय का ते वाकून बघितलं, मग पदराने काच पुसली.

‘‘किस्ना, काच बघ. कवाच एवढी सोच्छ नव्हती. आदी हिरवी बुरशी धरायची. आता टिपूस न्हाय. पाणी सुदारलंय की रं.’’

काच खरोखरच लख्ख होती. तिच्यावर धरण्यासारखं पाण्यात काही उरलं नव्हतं.

‘‘व्हय, आक्का,’’ तो म्हणाला.

‘‘मग घालत राहती मी.’’

‘‘घाल.’’

पंप चालूच होता. कृष्णातने रिकामी बादली परत मोरीत नेऊन ठेवली.