जोडताऱ्यांचा बांध

घोषणा मीच केली, तेव्हा पहिली कबुली माझी. वडगाव रासाईच्या वाचनालयाचा मी ग्रंथपाल, आणि ग्रामपंचायतीचा भोंगाही माझ्याच गळ्यात. "आज संध्याकाळी पाच वाजता वाचनालयात एबनेझरमामा वायरमन यांचा कार्यक्रम. विषय, जोड..." इथं मी श्वास घेतला, "...तारा." मुद्दाम घेतला की दम लागला होता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

एबनेझर रणपिसे बत्तीस वर्षं आमच्याकडच्या खांबांवर चढले. ख्रिस्ती माणूस, शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेला. दहावीच्या गणितात तीनदा गचकले. चौथ्या वेळी शेजारच्या कृपाबाईंनी शिकवलं आणि पास केलं. हा माणूस पुन्हा कुठंतरी नापास होणार, या काळजीनं असेल, पुढं लग्नही केलं. त्या स्वतः शाळेत शिक्षिका होत्या. मामांची नेमणूक इकडं झाली तेव्हा नोकरी सोडून मागोमाग आल्या. खात्याच्या पुढच्या सगळ्या परीक्षा मामा त्यांच्या स्वयंपाकघरात बसून पास झाले. गावात नाव मात्र मामांचं. लाइट गेली की मामा, लाइट आली की मामा. कृपाबाईंना कोण विचारतो!

रिटायर झाल्यावर माणसं शेळ्या घेतात, मामांनी दुर्बीण घेतली. पण घरावर पत्रा आणि चारी बाजूंनी ऊस. आभाळ बघायला जागाच नाही. वाचनालयाच्या गच्चीवर मोडक्या खुर्च्यांनी भरलेली एक खोली आहे. ती मिळावी म्हणून पंचायतीत अर्ज गेला. सरपंच पोपटराव सरळ 'हो' म्हणतील तर ते पोपटराव कसले! म्हणाले, "मामांनी आभाळातलं काय ते गावाला समजावून सांगावं. पन्नास माणसं शेवटपर्यंत बसली तर किल्ली. न्हाईतर खोलीत खताच्या गोण्या."

कृपाबाईंच्या किडन्या दोन वर्षांपूर्वी थकल्या. आठवड्यातून दोनदा मामा त्यांना मोटरसायकलवरून दौंडला डायलिसिसला नेतात. एकेकाळची धिप्पाड बाई आता मामांच्या पाठीमागं बसली की दिसतसुद्धा नाही. मामांची तब्येत मात्र दृष्ट लागावी अशी.

त्या दिवशी पाचच्या ठोक्याला सत्तरच्या वर माणूस आलं. मळ्यातला विजेचा नवा डीपी चार महिने नुसताच उभा होता, तारा जोडायच्या राहिल्या होत्या; त्या मामा आज जोडून देणार, असंच गावानं धरलं. सोपानराव तर घरून पक्कड घेऊनच आले. मामा गर्दी बघून हरखले. त्यांनी पडद्यावर दोन गोळे दाखवले, एक मोठा निळा, एक लहान.

सोपानरावांनी डोळे बारीक केले. "मामा, ह्यातला आपला डीपी कुठला?"

"डीपी न्हाई सोपानराव, तारे हायती. जोडीनं फिरणारे. आभाळातले."

हॉलमधले सगळे पाय एकदम चपला शोधायला लागले. माझ्याकडं लोकांनी ज्या नजरेनं बघितलं ती अजून आठवते. पोपटराव गालातल्या गालात हसत होते. गोण्या त्यांना डोळ्यांपुढं दिसत असणार.

पण लाइट गेल्यावर खवळलेलं गाव मामांनी बत्तीस वर्षं हाताळलंय. हातातला कागद त्यांनी खिशात कोंबला आणि ओरडले, "आरं बसा की! बांधाचं भांडण हाय!"

झालं, सगळे बसले. आमच्या तालुक्यात बांधाचं भांडण म्हटलं की माणूस जेवणाच्या पंगतीतूनही उठून येईल.

"हे दोघं शेजारी," मामा म्हणाले. "मधी बांध. हा थोरला, सूर्याच्या वीसपट. भूक मोठी, म्हणून जळण आधी त्याचंच संपतं. संपत आलं की तो फुगतो. फुगून बांधाच्या पल्याड गेला, की पल्याडचा माल शेजाऱ्याचा."

"अतिक्रमण!" सोपानराव उभेच राहिले. "पण केलं कुणी?"

"थोरल्यानं. आन् गेलं बी त्याचंच."

सोपानरावांचा स्वतःचा बांधाचा दावा पंधरा वर्षं चालू आहे, पण असला मामला त्यांनी कधी ऐकला नव्हता. ते हळूच खाली बसले. "मोजणी केलीया का कुणी?"

"केलीया. मोठाल्या ताऱ्यांत बहुतेकांचं असंच व्हतं. एकटा वाढला असता तर त्याचं आयुष्य येगळं झालं असतं. शेजारी कोण आन् किती जवळ, त्यावर सारं ठरतं. शेवटी थोरला सोलून निघतो, आतला कढत गाभा तेवढा ऱ्हातो. धाकटा मातूर गुटगुटीत व्हतो, तरणा दिसाय लागतो, गरागरा फिरतो. आज बघणाऱ्याला वाटतं, हाच थोरला."

पुढच्या रांगेत साखरबाई होत्या. वय ऐंशी, ऐकायला कमी, पण नजर घारीची. त्यांनी मामांचं पोट बघितलं, मग मान वळवून शेवटच्या रांगेतल्या, शालीत गुंडाळलेल्या कृपाबाईंना बघितलं. "म्हंजी तू आन् कृपी!"

हॉल फुटला हसून. मामाही हसले, कानापर्यंत लाल झाले. कृपाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मग म्होरं काय व्हतं?" साखरबाईंनी विचारलं.

"म्होरं... सोललेला आधी फुटतो." मामांचा आवाज बारीक झाला. "आन् दुसरा बहुतेक येळा सुटतो. एकटाच पळत ऱ्हातो..."

ते रिमोट हातात धरून नुसते पडद्याकडं बघत राहिले. मला तर भोंगा लावून काहीही बरळावंसं वाटत होतं, इतकी ती शांतता वाईट होती.

मागून आवाज आला. "अहो, पुढं बोला. मी काय आज फुटत न्हाई."

मामांनी बाहीनं नाक पुसलं. "काही जोड्या," ते म्हणाले, "एक फुटल्यावर बी सुटत न्हाईत. एकमेकांभवती फिरतच ऱ्हात्यात. एवढंच मला ठाव हाय. संपलं."

पोपटरावांनी डोकी मोजली. एकाहत्तर. त्यांनी किल्ली काढली आणि तिच्याबरोबर घडी घातलेला एक कागदही.

"मामा, अर्जावरची सही तुमची न्हाई. कृपाबाईंची हाय."

अर्ज कृपाबाईंनी केलाय, हे मामांना माहीतच नव्हतं. पोपटरावांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "गच्चीवरील खोली मिळणेबाबत. माझ्या माघारी यांना संध्याकाळी जायला एक जागा असावी. घरी एकटे बसले तर जेवणार नाहीत."

"पोपटराव!" शेवटच्या रांगेतून कृपाबाई कडाडल्या. "वाचायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"