बांधावरची पेटी

आमच्या भावकीत बोलणं बंद होतं ते बांधावरून, आणि एकदा बंद झालं की लग्नकार्यातसुद्धा सुरू होत नाही. चुलत दिरांशी आमचं नऊ वर्षं बंद होतं. मधे हातभर रुंदीचा बांध. अलीकडं आमची द्राक्षबाग, पलीकडं त्यांचा ऊस. पण एक रीत कुणीच मोडली नाही. तोडणी सुरू झाली की पहिली पेटी मी बांधावरच्या दगडावर ठेवायची. त्यांच्याकडचं कुणीतरी मुकाट्यानं उचलून नेई, आणि रिकामी पेटी दुसऱ्या दिवशी तिथंच सापडायची.

आमचे हे बारामतीला नोकरीला, त्यामुळं निमगाव केतकीजवळच्या या बागेचं सगळं मीच बघते. त्या सकाळी बागेत शिरले आणि बघते तर काय, पलीकडं दिरांनी ड्रमात तणाचं औषध कालवायला घेतलेलं. वारं सरळ आमच्या अंगावर. तीन दिवसांनी औषधाचा अंश तपासण्यासाठी द्राक्षांचा नमुना घ्यायला माणूस येणार होता. उसातलं ते औषध वाऱ्यानं वेलींवर आलं की घडातही उतरतं, म्हणजे युरोपला जायचा सगळा माल नापास.

निर्यातदाराचा माणूस तर आधीच बजावून गेला होता. "ताई, आता देशादेशांच्या व्यापार करारातच पर्यावरणाची कलमं येतायत. पाणी, माती, मधमाश्या, सगळं बघतात ते लोक. शेजाऱ्याच्या फवाऱ्याचा अंश सापडला तरी माल तुमचाच परत."

"आणि शेजाऱ्याला कोण सांगणार? तुमचा करार?" मी फटकारलं होतं. तो हसला. मला काही हसू आलं नाही. गेल्या वर्षीही आमचा नमुना नापास झाला होता आणि ती चूक माझीच. शेवटचा फवारा मी तोडणीच्या तोंडावर घेतला होता, त्याचा अंश घडात राहिला. सगळा माल मिळेल त्या भावानं इथल्या बाजारात गेला. यंदाही तसंच झालं तर बाग तोडायची, असं घरात ठरलं होतं. बारा वर्षं पोरासारखी वाढवलेली बाग.

मी पदर खोचला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा हाक मारली. "भावजी, थांबा! पंप लावू नका!"

त्यांनी मान वर केली. "का वं वहिनी? माझ्या रानात काय करायचं ते आता तुमी सांगणार व्हय?"

मी एका दमात सगळं सांगितलं. नमुना, करार, युरोप. विनवायला गेले आणि नेहमीसारखी भांडायलाच लागले. "अवो, तिकडच्या लोकांच्या पोटात जानार हाय ते! कळतंय का काही?"

तेव्हा त्यांनी पाठीला लावायला उचललेला पंप खाली ठेवला.

"आन गेल्या साली नापास झालेला माल कुठं गेला, वहिनी?"

मी खोचलेला पदर सोडला.

"बाजारात गेला. आन एक पेटी हितं." त्यांनी दगडाकडं बोट केलं. "लेक बाळंतपणाला आलती. दिवस भरत आलेले. काकूनं धाडली म्हणून निम्मी पेटी एकटीनं खाल्ली तिनं. नापास झाल्याचं मला मागनं बाजारात कळलं. पोर बरी निघाली, पन तवर माझ्या जिवाला घोर. इचारू कुणाला? बोलणं बंद!"

शप्पथ सांगते, मला खरंच सुचलं नव्हतं. घरात आम्हीही तीच द्राक्षं खात होतो. नापास म्हणजे तिकडं नापास, एवढंच डोक्यात. आपल्या पोटांसाठी कुणी कधी नमुना घेतलाय? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिरांनी ड्रमावर झाकण ठेवलं. "बाया लावून खुरपून घेतो. पन औंदा नापास झाला तर माल हितं इकायचा न्हाय. खड्डा काढून पुरायचा. हाय कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

दोन दिवस त्यांच्या बायांबरोबर मीही उसात खुरपायला बसले. नमुना गेला. रिपोर्ट येईपर्यंत अन्न गोड लागलं नाही, सारखी नजर बांधालगतच्या रिकाम्या तुकड्याकडं जायची. खड्डा तिथंच काढावा लागला असता.

माल पास झाला. पहिली पेटी मी दगडावर ठेवली नाही, थेट त्यांच्या ओसरीवर नेली, वर रिपोर्टाची झेरॉक्स ठेवून. लेक माहेरी आलेली होती. तिची पोर रांगत आली, तो कागद तिनं बाजूला भिरकावला आणि घडाला हात घातला. मूठ तोंडाकडं निघाली तसा माझा हात आपोआप पुढं गेला. मी तिचं मनगट धरलं.

ओसरीवर सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"पास हाय न्हवं, वहिनी?" दिरांनी विचारलं.

"हाय," मी म्हटलं. तरी माझ्या हातातून ते मनगट सुटेना.